परस्पर दिलेला नकार

मानवत गावच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यात, राजेश्री बायांची मुकादम होती. हंगाम सुरू झाला की गावागावांतून कापसाची वाहनं येऊन आवारात ओळीनं उभी राहत. पांढरे ढीग लागत. तो कापूस यंत्रात जाण्याआधी पट्ट्यावरून सरकत असताना दोन्ही बाजूंना बसलेल्या बाया त्यातला कचरा वेचून काढत. पोत्याची सुतळी, प्लास्टिकची चिंधी, गुटख्याची पुडी, कुणाच्या तरी डोक्याचा केस. हे रुईत गेलं की गाठीला भाव येत नाही. म्हणून त्या बाया, आणि त्या बायांवर राजेश्री.

आवारात तिचा वचक होता. बायांच्या संडासाला दार नव्हतं, तेव्हा ती सगळ्यांना घेऊन फाटकात बसली आणि सुतार येईपर्यंत उठली नाही. एखादीचा नवरा बायकोची मजुरी मागायला आला तर त्याला म्हणायची, "जिनं काम केलं तिच्या हातात. तू घरी जाऊन तिला माग." पुरुष तिला बिचकून असत. बाया तिला अक्का म्हणत, आणि नव्यानं लग्न होऊन आलेल्या काकू.

दैवशालाला तिनंच आणलं होतं. दैवशाला नवऱ्याबरोबर कारखान्यावर ऊस तोडायला जायची. एका वर्षी मोळ्या वाहता वाहता फडातच तिचं पोट पडलं. गावी परतली तेव्हा ती वाळून काटकी झाली होती. राजेश्री तिच्या घरी जाऊन तिच्या सासूसमोर म्हणाली होती, "कोयता सोड आता. सावलीत बसून काम कर. मी हाय तिथं." तेव्हापासून दर हंगामाला नवरा उसाला जायचा आणि दैवशाला पट्ट्यावर बसायची. तिच्या अंगावर पुन्हा मांस धरलं. अक्का म्हणेल ती पूर्व दिशा, असं तिचं होतं.

ज्या दिवशी ते घडलं त्या दिवशी जिनिंग बंद होती. पावसाळ्याचे दिवस, आवारात गुडघाभर गवत. मॅनेजर रविकांत साहेबांनी राजेश्रीला बोलावून घेतलं, खुर्ची दिली, चहा मागवला. नवीन मशीन येणार होतं. साहेबांनी हात हलवून समजावलं: वर कॅमेरे असतात, ते कापूस बघतात. रुई कोणती आणि कचरा कोणता हे आतला कॉम्प्युटर ओळखतो, आणि हवेचा फटकारा मारून कचरा उडवून देतो. एआय म्हणतात त्याला.

"चालवायला माणसं शिकवून आणायची आहेत," साहेब म्हणाले. "कोईमतूरला जावं लागेल. जायचं-यायचं, राहायचं सगळं कंपनीचं. मालकांचं म्हणणं पडलं, दोन गडी पाठवा आणि दोन बाया पाठवा. तुमच्यातल्या कुणी निघतील का?"

राजेश्रीनं बशीतला चहा खाली ठेवला, पण उत्तर द्यायला ती थांबली नाही.

"कुठलं साहेब. एवढ्या लांब बाया न्हाई जायच्या. घरचे सोडत न्हाईत, लेकरंबाळं असतेत. आन् कॉम्प्युटरचं काम बायांला न्हाई जमायचं."

"बरं," साहेब म्हणाले, आणि दुसरा विषय निघाला.

फाटकाबाहेर आल्यावर तिला पंकजा आठवली. पंकजा बारावी झालेली, लग्न होऊन वर्ष-दोन वर्षं झालेली, सगळ्या बायांचे मोबाइल दुरुस्त करून देणारी. तिला विचारायला हवं होतं, असं एकदा मनात आलं. मग राजेश्रीनं तो विचार बाजूला सारला. झालं ते झालं, आणि खोटं काय बोललो आपण, घरचे सोडत नाहीतच की.

पण ते उत्तर आपल्या तोंडून इतक्या झटकन का निघालं, हे तिला आतून माहीत होतं. काही वर्षांपूर्वी बचत गटाच्या एका शिबिरात तिला सगळ्यांपुढे कॉम्प्युटरवर स्वतःचं नाव लिहायला उभं केलं होतं. बटणावरची अक्षरं इंग्रजी. ती तशीच उभी राहिली, हात हवेत धरून. मागून हसू फुटलं. हसणाऱ्या बायाच होत्या. साहेबांनी "तुमच्यातल्या कुणी" म्हटलं, तेव्हा आधी आपल्यालाच जा म्हणतील अशी धास्ती तिला वाटली होती. त्या धास्तीखाली आणखी एक गोष्ट होती, आणि तिच्याकडे ती बघतही नव्हती. पंकजा शिकून आली असती तर मशीनजवळ खुर्चीवर बसली असती. मग आवारात अक्काचं कोण ऐकणार?

गड्यांतून भारत आणि गोपाळ गेले, आणि बायांच्या जागी आणखी दोघं. भारत वाहनं खाली करणारा हमाल, दहावी नापास. आगगाडीत बसायचं म्हणून त्यानं नवा शर्ट घेतला होता.

ते परत आले आणि मागोमाग मशीन आलं. ते बसवायला आलेल्या इंजिनिअरनं बायांना बोलावलं. मशीनला इथला कापूस आणि इथला कचरा दाखवायचा होता. बायांनी सुतळी वेगळी, केस वेगळे, पिवळं प्लास्टिक वेगळं, वाळलेलं पान वेगळं असं काढून द्यायचं, इंजिनिअरनं त्याचे फोटो काढायचे, आणि मशीननं ते फोटो लक्षात ठेवायचे. बाया खुशीत होत्या. कुणी तरी आपल्या कामाचे फोटो काढतंय याचंच त्यांना अप्रूप वाटलं. म्हातारी सरजाबाई पदर सावरून इंजिनिअरला म्हणाली, "माझा बी एक काढ की बाबा, कचऱ्यासंगं." सगळ्या हसल्या. राजेश्रीही हसली, पण ते हसू तिच्या ओठांवर टिकेना. ज्या हातांनी मशीनला शिकवलं जात होतं त्या हातांना मशीन शिकवायला कुणी नव्हतं, आणि ते कुणामुळे नव्हतं हे तिथं तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

दसऱ्याच्या आधी रविकांत साहेबांनी तिला पुन्हा बोलावलं. पट्ट्यावर आता निम्म्याच बाया लागणार होत्या. कोणत्या ठेवायच्या ते तिनं सांगायचं.

नावं सांगताना तिनं जुन्या आणि निराधार आधी धरल्या. सरजाबाईला मूलबाळ नव्हतं, तिला ठेवावं लागलं. पंकजाचा नवरा आजारी, तिलाही. दैवशालाचा नवरा कमावता होता. दैवशाला गळली.

हे सांगायला ती स्वतः गेली. दैवशाला अंगणात भांडी घासत होती. सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "तुमी काय करणार अक्का. मशीनच आलं." मग हात धुऊन तिनं चहा टाकला. घराच्या भिंतीशी कोयते धार लावून ठेवलेले होते. या वेळी एकाच्या जागी दोन.

"जाणार का मग?" राजेश्रीनं विचारलं.

"उचल घेतली मालकानं दोघांची. जावंच लागतंय." मालक म्हणजे नवरा. दैवशालानं कप पुढे केला. "इतके वर्षं सावलीत बसवलंत मला. माझ्या मायनं केलं न्हाई तेवढं केलंत तुमी. लय उपकार हायेत."

राजेश्रीनं तो चहा संपवला. मी तुझ्या तोंडचा घास काढला, एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. ते ओठांशी आलं आणि परत गेलं. "जपून राहा," एवढंच बोलून ती उठली. दैवशाला वाकून तिच्या पाया पडली. परतीच्या वाटेवर तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आल्यावर तिनं नवऱ्याला, भागवतला, सगळं सांगितलं. तो एका बी-बियाण्यांच्या दुकानात कामाला होता, शांत माणूस.

"बरोबरच म्हणलीस की," तो म्हणाला. "कोण सोडणार हाय बायकोला तिकडं मद्रासकडं? मी तरी तुला सोडलं असतं का?"

"न्हाई सोडलं असतं?"

त्यानं थोडा विचार केला. "सोडलं असतं म्हण. तू इचारलं असतंस तर सोडलं असतं."

हे ऐकून तिला बरं वाटायला हवं होतं. उलट ती उठून चुलीपाशी गेली आणि तोंड फिरवून बसली.

हंगाम सुरू झाला. मशीन खरंच चांगलं चाललं, त्याला नाव ठेवायला जागा नव्हती. काचेच्या खोलीत भारत खुर्चीवर बसायचा, पडद्यावर कापूस सरकताना दिसायचा, आणि कचरा दिसला की त्याभोवती लाल चौकट उमटून फट् असा हवेचा आवाज यायचा. भारत चांगला पोरगा होता, कुणाचं वाईट चिंतणारा नव्हता. म्हणूनच एका दुपारी पंकजा काचेला नाक लावून बघत होती तेव्हा तो सहज बोलून गेला.

"तुमच्याबी दोन जागा होत्या की वैनी. साहेबानंच सांगितलं आमाला गाडीत बसवताना. अक्का नको म्हणल्या म्हणून आमचे दोघं जास्तीचे गेले."

जेवणाच्या सुट्टीत बाया नेहमीसारख्या गोल करून बसल्या होत्या. राजेश्री डबा घेऊन आली तर बोलणं थांबलं. तिनं डबा उघडला. कुणी भाजी पुढे केली नाही, कुणी तिच्याकडची मागितली नाही.

"काकू," पंकजा म्हणाली, "घरचे सोडत न्हाईत म्हणून साहेबाला सांगितलंव तुमी?"

राजेश्रीनं होकारार्थी मान हलवली.

"ते तुमाला कोण सांगितलं? माझ्या घरच्यानं?"

"न्हाई."

"मग?"

राजेश्रीकडे कारण होतं, पण ते तोंडातून काढण्याजोगं नव्हतं. भाकरीचा तुकडा तिच्या बोटांत तसाच राहिला. फाटकात ठाण मांडून बसणारी बाई त्या दिवशी मांडीवरच्या पदराकडे बघत राहिली.

सरजाबाई बराच वेळ चावत होती, तिला दात कमी होते. घास संपल्यावर ती म्हणाली, "मी तर गेलेच नसते गं. ह्या वयात कुठं जाती. पण चार लोकांत सांगितलं असतं, की मला इचारलं होतं म्हणून."

तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी राजेश्री आपण होऊन रविकांत साहेबांकडे गेली. बस म्हटलं तरी बसली नाही. "साहेब, पावसाळ्यात मी तुमाला जे सांगितलं ते बायांचं म्हणणं नव्हतं. मी कुणालाच इचारलं नव्हतं. माझ्याच मनानं बोलले."

साहेबांना त्याचं काही विशेष वाटलं नाही. "अहो राजेश्रीबाई, ते सोडा आता. खरं सांगू का, तुम्ही नाही म्हणालात ते बरंच झालं. बायकांना न्यायचं म्हणजे वेगळी खोली, सोबत, जबाबदारी. मालकांना काय उत्तर द्यावं याच विचारात होतो मी. तुम्हीच सांगितलंत म्हटल्यावर प्रश्नच मिटला."

राजेश्रीला तेव्हा कुठं नीट कळलं. त्या माणसाला नकारच हवा होता, आणि तो एका बाईच्या तोंडून हवा होता. तिनं तो ताटात वाढून दिला होता. दोष दोघांत विभागला गेला म्हणून तो कमी झाल्यासारखा वाटला नाही. आपला असा वापर झाला, आणि आपण तो खुशीनं होऊ दिला, याची आणखी एक लाज वर चढली.

"मग आता बायांना इथंच शिकवा," ती म्हणाली. "मशीन साफ करायला बंद ठेवतेत त्या वेळेत. भारत शिकवील."

"महागाची वस्तू आहे हो. बिघडलं तर?"

"भारतनं बी पहिल्या दिवशी बिघडवलंच होतं की."

साहेबांनी मान डोलावली, ती हो म्हणून की जा म्हणून हे कळलं नाही. राजेश्रीनं हो धरलं.

भारत मात्र अडला. "अक्का, तुमीच म्हणलाव ना, बायांला जमत न्हाई," तो हसत म्हणाला. काचेच्या खोलीच्या दारात बाया उभ्या होत्या. सगळ्यांना ऐकू गेलं.

"म्हणले. चुकीचं बोलले मी." राजेश्रीचा आवाज बारीक झाला होता, तरी ती थांबली नाही. "मला भ्या वाटलं होतं, म्हणून तसं बोलले. ह्यांच्या नावावर माझं भ्या खपवलं. आधी मला शिकव, मग ह्यांना."

ती खुर्चीवर बसली. पडद्यावर मशीननं उडवलेल्या कचऱ्याचे फोटो एकामागून एक येत होते. कचरा असेल तर एक बटण, चुकून चांगली रुई उडवली असेल तर दुसरं. भारत सांगत होता ते तिला समजत होतं, पण बोटापर्यंत येईतोवर निसटत होतं. एकदा तिनं भलतंच काही दाबलं आणि आतमध्ये कर्कश घंटा वाजली. गोपाळ पळत आला. कुणी तरी गडी बाहेरून म्हणाला, "मुकादमीण बसलीय वाटतं." तिच्या मानेवरून घाम ओघळला. मागं सगळ्या बाया उभ्या आहेत, सगळ्या बघताहेत, हे तिला पाठीला डोळे असल्यासारखं जाणवत होतं. पळून जावंसं वाटलं. ती बसून राहिली आणि पुन्हा चुकली.

"सरका काकू," पंकजा म्हणाली.

तिच्या बोलण्यात माया नव्हती. राजेश्री उठली, पंकजा बसली. पंकजानं पहिल्यांदा चुकवलं, मग नाही चुकवलं. भारत मध्येच सांगायचा थांबला, कारण ती पुढचं स्वतःच विचारू लागली होती: प्रकाश कमी झाला तर काय करायचं, काच कधी पुसायची, मशीन एकाच रंगाला सारखं फसायला लागलं तर कुणाला सांगायचं. राजेश्री भिंतीशी उभी राहून बघत होती. ह्या पोरीला आपण अडवलं होतं.

संक्रांतीनंतर गोपाळ दुसऱ्या जिनिंगला निघून गेला आणि त्याच्या जागी पंकजाला बसवलं. साहेबांनी ती आपलीच कल्पना असल्यासारखं मालकांना सांगितलं. पंकजा काचेच्या खोलीत नीट काम करायची. राजेश्रीशी कामापुरतं बोलायची. अक्कानं दोन-तीनदा आडून विषय काढला, तेव्हा ती म्हणाली, "जाऊ द्या ना काकू," आणि पडद्याकडे वळली. ते जाऊ द्या म्हणजे माफ केलं असं नव्हतं, हे राजेश्रीला समजलं. तिनं पुन्हा विचारलं नाही. स्वतः राजेश्रीला मात्र ते मशीन कधीच धड जमलं नाही. साधं चालू-बंद करण्यापुरतं आलं, पुढचं आलं नाही.

ऊसतोडीच्या टोळ्या परतल्या तशी ती दैवशालाच्या गावी गेली. दैवशाला ओसरीत बसून ज्वारी पाखडत होती. उन्हानं चेहरा काळवंडलेला, डाव्या हाताच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली. राजेश्रीनं या वेळी चहाची वाट पाहिली नाही. पायरीवर बसता बसताच सगळं सांगून टाकलं, साहेबांनी काय विचारलं आणि आपण काय उत्तर दिलं ते.

सुपाचा आवाज चालूच राहिला.

"ठावं हाय मला," दैवशाला म्हणाली. "पंकजानं फोनवर सांगितलं होतं. फडातच होते मी तवा."

"मग काई बोलली न्हाईस?"

"काय बोलायचं? तुमी आपुन होऊन सांगताव का न्हाई, ते बघत होते." तिनं सूप खाली ठेवलं. "दसऱ्याला इथं बसून चहा पिलाव, तवाच सांगायचं होतं अक्का. मी तुमच्या पाया पडले त्या दिवशी."

राजेश्रीला मान वर करता येईना.

"मी गेले असते का न्हाई, मला माहीत न्हाई," दैवशाला म्हणाली. "कदाचित भिऊन नको म्हणले असते. पण ते माझं मी म्हणले असते."

ओसरीवर कोंबड्या सांडलेले दाणे टिपत होत्या. राजेश्रीनं विचारलं, "आता पंकजा शिकवती बायांना, मशीन बंद असतंय तवा. तुला शिकायचं हाय का?"

दैवशालानं अंगठ्याची चिंधी घट्ट केली. "बघते," ती म्हणाली. "इचारते मालकाला, आन् स्वतःला बी." मग चहाचं न विचारता तिनं सूप पुन्हा हातात घेतलं.

आठ-पंधरा दिवसांनी, हंगामाची शेवटची वाहनं खाली होत असताना, दैवशाला फाटकातून आत आली. बरोबर तिची जाऊ होती. राजेश्री पट्ट्याजवळ उभी होती. दैवशाला तिच्याजवळून जाताना किंचित थांबली, "आले," म्हणाली, आणि सरळ काचेच्या खोलीकडे गेली. पंकजानं दोघींसाठी स्टूल ओढले. आतून तिघींच्या बोलण्याचा आवाज येऊ लागला.

राजेश्रीला आत जावंसं वाटलं. कुणी बोलावलं नाही. ती काचेपासून लांब, सरकीच्या ढिगाकडे निघून गेली आणि तिथल्या बायांच्या हाताखाली काम करू लागली.